शरीर रोगाशी कसे लढते, आणि त्याला आपली मदत नेमकी कोठे लागते?

मालवकन्या, इंदूर

पावसाळा लागला की इंदूरच्या मराठी मंडळींच्या गटांवर काढ्यांच्या कृती, प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या चूर्णांच्या जाहिराती आणि कोणा अनोळखी डॉक्टरांच्या नावाने फिरणारे संदेश यांना ऊत येतो. मी येथील एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि विद्यार्थ्यांचे पालकही मला हेच प्रश्न विचारतात, म्हणून या विषयावर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. माझे म्हणणे असे की, बऱ्यापैकी निरोगी माणसाच्या प्रतिकारशक्तीला बाहेरून जोर आणण्याची सहसा गरज नसते. तिला रोगजंतूंची ओळख वेळेवर करून द्यावी लागते, तिच्यावर पडणारा जंतूंचा भार कमी ठेवावा लागतो आणि तिच्या कामात आपण अडथळा आणू नये एवढे पाहावे लागते. असे का, हे समजण्यासाठी शरीराच्या आत काय घडते ते आधी पाहू.

पहिली फळी त्वचेची आणि नाक, घसा, आतडी यांच्या आतील ओलसर अस्तराची. अखंड त्वचेतून बहुतेक जंतूंना आत शिरता येत नाही. अश्रू आणि लाळ यांतील लायसोझाइम हे विकर (एन्झाइम) अनेक जीवाणूंची भिंत तोडते, जठरातील आम्ल अन्नाबरोबर आलेले पुष्कळसे जंतू मारते, आणि श्वासनलिकेतील केसल, म्हणजे केसांसारखे सूक्ष्म हलते तंतू, चिकट कफात अडकलेली धूळ व जंतू सतत वर घशाकडे ढकलत राहतात. विडी-सिगारेटच्या धुराने हे केसल लुळे पडतात आणि हळूहळू नष्ट होतात. धूम्रपान करणाऱ्यांची छाती वारंवार का भरते, याचे हे एक मोठे कारण आहे.

ही फळी ओलांडली गेली की दुसरी कामाला लागते. बोटात बाभळीचा काटा मोडला तर काही तासांत ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकू लागते. हे चारही बदल मुख्यतः आपले शरीरच घडवून आणते. तेथील रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती सैल होतात आणि श्वेतपेशी रक्तातून बाहेर पडून काट्याच्या दिशेने निघतात. इल्या मेचनिकोव्ह यांनी १८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे समुद्रतारकेच्या पारदर्शक अळीत बारीक काटे खुपसून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा फिरत्या पेशी काट्याभोवती गोळा झालेल्या होत्या. जंतूंना गिळणाऱ्या या भक्षक पेशींच्या कार्यासाठी त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक पॉल एर्लिख यांच्यासह मिळाले. आपल्या रक्तातील श्वेतपेशींपैकी निम्म्याहून अधिक पेशी न्यूट्रोफिल या प्रकारच्या असतात. गळवातून निघणारा पू म्हणजे बहुतांशी या लढाईत मेलेल्या न्यूट्रोफिल पेशीच होत.

ताप हाही याच फळीचा भाग आहे. जंतू ओळखणाऱ्या पेशी काही रसायने रक्तात सोडतात, त्यांच्यामुळे मेंदूतील तापमान-नियंत्रण केंद्राजवळ प्रोस्टाग्लँडिन नावाचे रसायन तयार होते आणि शरीराचे ठरलेले तापमान वर सरकते. पॅरासिटामॉल हे प्रोस्टाग्लँडिन कमी करते, म्हणून अंग दुखणे थांबते आणि ताप उतरतो. जंतूंवर मात्र त्याचा काहीही परिणाम होत नाही. अंगात कसकस असेल, मूल खात-पीत नसेल, तर ते अवश्य द्यावे, पण ताप उतरला म्हणजे आजार गेला, असे मानू नये.

तिसरी फळी सावकाश जागी होते, पण तिला स्मरण असते. जंतूंचे तुकडे घेऊन काही पेशी जवळच्या लसिकाग्रंथीत जातात, आणि म्हणूनच पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, जिला आपल्या घरातील वडीलधारी माणसे अवधाण म्हणतात. त्या गाठीत बी आणि टी या दोन जातींच्या असंख्य लसिकापेशी असतात आणि प्रत्येकीचा ग्राहक, म्हणजे जंतू ओळखणारा पेशीवरील भाग, थोडा वेगळा असतो. ही विविधता जनुकांचे मोजके तुकडे निरनिराळ्या रीतीने जोडून निर्माण होते, हे सुसुमु टोनेगावा यांनी दाखवून दिले व त्यासाठी त्यांना १९८७ चे नोबेल मिळाले. ज्या पेशीचा ग्राहक त्या जंतूशी जुळतो, तिच्या हजारो प्रती तयार होतात. बी पेशी प्रतिपिंडे, म्हणजे जंतूला चिकटणारी प्रथिने (अँटीबॉडी), बनवू लागतात, टी पेशींपैकी काही विषाणूने ग्रासलेल्या पेशी मारतात. पहिल्या भेटीत या सगळ्याला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. त्यांतील काही पेशी पुढे अनेक वर्षे टिकून राहतात, आणि तोच जंतू पुन्हा आला तर काम काही दिवसांतच उरकते.

आता 'वाढवण्या'विषयी. या यंत्रणेचा निम्मा पराक्रम कोणावर हल्ला करू नये हे जाणण्यात आहे. स्वतःच्याच शरीरावर उलटू शकणाऱ्या बहुतेक टी पेशी छातीतील थायमस ग्रंथीतच बाद केल्या जातात, आणि तेथून निसटलेल्यांना आवर घालणाऱ्या नियामक टी पेशींच्या शोधासाठी मेरी ब्रुन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. हा आवर सुटला की संधिवाताचा आमवात हा प्रकार, लहान मुलांना होणारा पहिल्या प्रकारचा मधुमेह यांसारखे स्वप्रतिकाराचे आजार उद्भवतात. दमा आणि ॲलर्जी हीसुद्धा निरुपद्रवी गोष्टीवर अकारण उठलेली प्रतिकाराची लाट आहे. तेव्हा प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी बरी, हे गृहीतकच योग्य नाही.

आपले अनुभव आणि शंका अवश्य लिहाव्यात.

बक्षीबागचा रहिवासी

ताई, लेख अतिशय आवडला. आमच्या घरी मात्र तुळस, आले, मिरी आणि गुळवेल यांचा काढा कोविडच्या काळापासून रोज सकाळी होतो, आणि आमच्या आई तो सर्वांना आग्रहाने पाजतात. तुमचे म्हणणे वाचून असे वाटले की हे सारे व्यर्थच आहे की काय. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या गोष्टींत काहीच तथ्य नसेल, हे मनाला पटत नाही.

मालवकन्या

दादा, व्यर्थ असे मी म्हणणार नाही. सर्दीत गरम काढ्याने घसा शेकला जातो, पोटात पाणी जाते, कफ सुटायला मदत होते आणि घरातल्या माणसाने प्रेमाने करून दिलेल्या गोष्टीने बरे वाटते. त्या कारणासाठी काढा जरूर प्यावा. पण तो प्यायल्याने डेंग्यू होणार नाही किंवा लस घ्यावी लागणार नाही, असे मानणे धोक्याचे आहे.

गुळवेलीबाबत थोडी सावधगिरी हवी. कोविडच्या काळात ती दीर्घकाळ घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या नोंदीवर आक्षेप घेऊन गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असण्याची शक्यता मांडली. वाद कोणत्याही बाजूने सुटो, ज्यांना यकृताचा विकार आहे किंवा ज्यांच्या शरीरात स्वप्रतिकाराचा आजार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती रोज घेऊ नये. आईंना रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधे चालू असतील तर त्यांच्या डॉक्टरांना काढ्यातील प्रत्येक घटक सांगावा.

क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांविषयीही मला नेहमी विचारले जाते. सर्वसामान्य माणसांनी त्या रोज घेतल्याने सर्दी होण्याचे प्रमाण कमी होत नाही, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे. आजाराचे दिवस किंचित कमी होतात, इतकेच. ज्यांच्या आहारातच प्रथिने, जस्त किंवा अ जीवनसत्त्व कमी पडते, त्यांची गोष्ट निराळी. कुपोषित मुलाची थायमस ग्रंथी आकसते आणि साधा गोवरही त्याच्या जिवावर बेततो. अशा मुलाला डाळ, दूध, अंडी, पालेभाज्या मिळणे हेच खरे औषध आहे. झोपेचेही तसेच: स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचा विषाणू मुद्दाम सोडून केलेल्या प्रयोगात, सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचे प्रमाण सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या तुलनेत चौपट आढळले.

बालरोगतज्ज्ञ_राजेंद्रनगर

मालवकन्या ताईंनी पायाभूत भाग उत्तम मांडला आहे. 'ओळख वेळेवर करून देणे' या मुद्द्यावर मला अधिक लिहायचे आहे, कारण माझ्या दवाखान्यात रोज त्याचाच संबंध येतो.

लस म्हणजे जंतूचा निष्प्रभ केलेला अवतार, त्याचा एखादा तुकडा किंवा तो तुकडा तयार करण्याची सूचना. तिसऱ्या फळीला लागणारे ते एक-दोन आठवडे लस आजाराविना मिळवून देते. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गोस्तन देवीचा, म्हणजे गाईंना होणाऱ्या देवीचा, स्राव एका मुलाला टोचला. त्या मार्गावरून जात जात १९७५ मध्ये भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण सापडला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झाले. पोलिओचा भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला. ज्या आजी-आजोबांनी देवीचे व्रण असलेले चेहरे पाहिले आहेत, ते नातवंडांच्या लसीची तारीख कधी चुकवत नाहीत, असा माझा अनुभव आहे. ज्या तरुण पालकांनी हे आजार पाहिलेलेच नाहीत, त्यांच्या मनात मात्र शंका असतात. त्या शंका विचारल्या जाव्यात आणि त्यांना शांतपणे उत्तरे मिळावीत, असे मला मनापासून वाटते.

गोवराचे उदाहरण घ्या. 'गोवर काय, सगळ्यांनाच येऊन जातो' असे म्हणून नऊ महिन्यांनंतरची गोवर-रुबेलाची लस लांबवणारे पालक आजही भेटतात. पूर्णपणे असुरक्षित समाजात गोवराचा एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना लागण करू शकतो, म्हणूनच समाजातील सुमारे ९५ टक्के लोक सुरक्षित असल्याशिवाय त्याची साखळी तुटत नाही. याहून गंभीर गोष्ट अशी की, गोवराचा विषाणू प्रतिकारशक्तीच्या स्मरणपेशींनाच नष्ट करतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, लस न घेतलेल्या ज्या मुलांना गोवर झाला, त्यांनी इतर रोगांविरुद्ध आधी मिळवलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे गमावल्याचे दिसले. पाटीवर लिहिलेले ओल्या फडक्याने पुसावे, तसे मुलाने कमावलेले संरक्षण पुसले जाते आणि पुढील काही महिने ते न्यूमोनिया, अतिसार यांना सहज बळी पडते. दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान असतो, आणि मूल चालू लागल्यावर पालक नेमका तोच विसरतात.

धनुर्वाताची गोष्ट याच्या उलट आहे. त्याचे विष इतक्या सूक्ष्म प्रमाणात घातक ठरते की तेवढ्याने प्रतिकारशक्ती पुरेशी जागीही होत नाही. धनुर्वातातून वाचलेल्या माणसालासुद्धा लस द्यावी लागते, ती यामुळेच. 'आजार होऊन गेला म्हणजे आयुष्यभराची सुटका' हा समज प्रत्येक रोगाला लागू पडत नाही.

नवजात बाळासाठी पहिल्या दिवसांतील चीक अत्यंत मोलाचा असतो. त्यात ए वर्गाची प्रतिपिंडे भरपूर असतात आणि ती बाळाच्या आतड्याच्या अस्तरावर पसरून जंतूंना चिकटू देत नाहीत. काही घरांत अजूनही चीक पिळून टाकतात आणि बाळाला मध किंवा गूळपाणी चाटवतात. कृपया असे करू नये. एक वर्षाच्या आतील बाळाला मध तर अजिबात देऊ नये. त्यातील बॉट्युलिझमच्या जीवाणूचे बीजाणू बाळाच्या आतड्यात रुजू शकतात.

पाणीपुरवठा_निवृत्त_अभियंता

डॉक्टरसाहेबांनी ओळखीविषयी लिहिले, मी भाराविषयी लिहितो. माझी सारी नोकरी पाण्याच्या नळांवर गेली आहे.

आपल्या शहराचे पाणी जलूदहून, नर्मदेतून, सुमारे ७० किलोमीटर अंतर आणि विंध्याचा चढ पार करून येते. शुद्धीकरण केंद्रातून निघताना ते स्वच्छ असते. पण अनेक वस्त्यांत ते एक दिवसाआड येते, आणि या खंडित पुरवठ्यातच सर्वांत मोठा धोका आहे. नळात पाणी दाबाने वाहत असते तेव्हा गळतीच्या जागेतून पाणी बाहेर जाते. पुरवठा थांबला, नळ रिकामा झाला, की त्याच भेगेतून आजूबाजूचे पाणी आत ओढले जाते. शेजारून गटाराची वाहिनी जात असेल आणि तीही पाझरत असेल, तर पुढच्या वेळी नळ सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत काय येईल, हे वेगळे सांगायला नको. पटकी, विषमज्वर, अ आणि ई प्रकारची कावीळ, हगवण हे सारे याच वाटेने घरात येतात. पहिले पाणी गढूळ असेल किंवा त्याला वास येत असेल, तर ते झाडांनाही न घालता सोडून द्यावे आणि तक्रार लेखी करावी. तोंडी तक्रार कोठेही टिकत नाही, हे मी आतल्या बाजूने पाहिले आहे.

भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी शिल्लक क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर असायला हवे. ते तपासण्याची छोटी पेटी बाजारात मिळते: नळीत पाणी घ्यावयाचे, थेंब टाकावयाचे आणि येणारा पिवळा रंग पट्टीवरील रंगाशी ताडून पाहावयाचा. रंगच आला नाही तर त्या पाण्यात पुढच्या संसर्गापासून संरक्षण करणारे काहीही उरलेले नाही, असे समजावे. अशा वेळी पाणी खळखळून उकळी फुटल्यावर आणखी एक मिनिट उकळत ठेवावे. बोरिंगचे पाणी दिसायला नितळ असते म्हणून निर्धास्त राहू नये. उथळ बोरिंगजवळ सेप्टिक टाकी असेल तर त्यातही मैल्याचे जंतू सापडतात.

आणि जमिनीखालच्या टाकीचे झाकण! पावसाचे अंगणातील पाणी झाकणाच्या कडेने आत झिरपते आणि वर्षानुवर्षे टाकी धुतली जात नाही. झाकणाची कड जमिनीपासून वीतभर उंच बांधून घेतली तरी पुष्कळ काम होते.

मालवकन्या

फार महत्त्वाचे लिहिलेत काका. यात एक गोष्ट जोडते. अतिसारात माणूस बहुधा जंतूने मरत नाही, शरीरातील पाणी आणि क्षार गेल्याने मरतो. आतड्याच्या पेशीत सोडियम आणि ग्लुकोज जोडीने शोषले जातात व त्यांच्यामागे पाणी येते; पटकीतही ही वाट शाबूत राहते. याच आधारावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत मीठ-साखरेचे द्रावण पिण्यास देऊन असंख्य प्राण वाचवले. ओआरएसची मोठी पुडी नेमक्या एक लिटर पाण्यातच कालवावी, पेलाभर पाण्यात अर्धी पुडी असा अंदाज करू नये. द्रावण दाट झाले तर जुलाब वाढतात. मुलांना त्याबरोबर १४ दिवस जस्ताची गोळी देतात, ती जुलाब थांबले तरी पूर्ण करावी.

स्नेहल_सुदामानगर

आमच्याकडे गेल्या वर्षी यजमानांना डेंग्यू झाला होता. आता पुन्हा गल्लीत रुग्ण निघाले आहेत. एकदा होऊन गेला म्हणजे त्यांच्या शरीराला ओळख झाली आहे, तर आता त्यांना भीती नाही असे समजायचे का? आणि ताप उतरल्यावर प्लेटलेट्स कमी होतात, हे कसे?

बालरोगतज्ज्ञ_राजेंद्रनगर

ताई, आपला प्रश्न अगदी नेमका आहे आणि त्याचे उत्तर दुर्दैवाने उलटे आहे. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. ज्या प्रकाराची लागण झाली त्याच्यापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते, परंतु इतर तीन प्रकारांपासून ते फार तर काही महिने टिकते. त्यानंतर दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर जुनी प्रतिपिंडे त्या विषाणूला चिकटतात, पण त्याला निष्प्रभ करू शकत नाहीत. उलट भक्षक पेशींच्या आत शिरण्यास त्याला मदतच होते. त्यामुळे दुसरा डेंग्यू अधिक गंभीर होण्याची शक्यता असते. यजमानांना पुन्हा ताप आला तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना 'आधी डेंग्यू झाला होता' असे आवर्जून सांगावे.

डेंग्यूतील धोक्याचा काळ बहुधा ताप उतरू लागतो तेव्हा, म्हणजे तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान येतो. त्या वेळी सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्तद्रव बाहेर झिरपू लागतो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, अस्वस्थपणा किंवा गुंगी यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. प्लेटलेट्सच्या आकड्याकडे सारे घर डोळे लावून बसते, पण या खुणा त्या आकड्याहून महत्त्वाच्या आहेत. तापासाठी केवळ पॅरासिटामॉल द्यावे. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

डासाविषयी एवढेच सांगतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो आणि स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा साठवलेले पाणी रिकामे केले तर साखळी तुटते. मात्र केवळ ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात. उन्हाळा संपल्यावर गच्चीत ढकललेला कूलर आपल्या शहरात घरोघरी असतो. त्याची टाकी काथ्याने घासून, पुसून, उलटी करून ठेवावी. फ्रिजच्या मागचा पाणी साचणारा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा आणि पक्ष्यांसाठी ठेवलेले परळ यांच्याकडेही लक्ष असावे.

जुनी_इंदूर_जुन्या_आठवणी

धागा वाचताना पॅट्रिक गेडीस यांची आठवण झाली. तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या काळात हे स्कॉटिश नगररचनाकार इंदूरला आले आणि त्यांनी शहराविषयीचा अहवाल १९१८ मध्ये सादर केला. तेव्हा शहर प्लेग आणि मलेरियाने गांजलेले होते. लोकांना उपदेश करून काही होत नाही, हे पाहून त्यांनी दिवाळीच्या सुमारास एक मोठी मिरवणूक योजली आणि जाहीर केले की, ज्या गल्ल्या घरे झाडून-सारवून स्वच्छ करतील त्या भागांतून ती जाईल. गल्ल्यागल्ल्यांत चढाओढ लागली, गाड्या भरभरून कचरा बाहेर निघाला. मिरवणुकीत रावणाऐवजी घाणीचा राक्षस आणि प्लेगचा प्रचंड उंदीर होता आणि शेवटी त्यांचे दहन झाले.

प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले होते. उंदीर मेला की पिसवा त्याचे गार पडलेले शरीर सोडून दुसरे शरीर शोधतात. घरात उंदीर पडू लागले की घर सोडून माळावर झोपडी बांधावी, ही त्या काळच्या लोकांची रीत शास्त्रालाही धरूनच होती. त्याआधी, जानेवारी १८९७ मध्ये, वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. लस आणि झाडू या दोहोंची गरज तेव्हाही होती. २०१७ ते २०२३ या काळात देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात सलग पहिल्या क्रमांकाचा मान मिळवलेल्या शहराने गेडीस यांचे नाव शाळेत शिकवायला हवे, असे मला वाटते.

बक्षीबागचा रहिवासी

आणखी एक शंका विचारतो. सर्दी-खोकला झाला की आमच्या ओळखीचे औषधविक्रेते तीन दिवसांच्या प्रतिजैविकाच्या गोळ्या देतात आणि बरेही वाटते. त्यात काही गैर आहे का? तसेच माझ्या आई ७२ वर्षांच्या आहेत, त्यांना मधुमेह आहे. त्यांच्यासाठी काही लसी आहेत का?

मालवकन्या

दादा, सर्दी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते आणि प्रतिजैविके विषाणूंवर मुळीच चालत नाहीत. तीन-चार दिवसांत सर्दी उतरणीला लागतेच, आणि श्रेय गोळीला मिळते. दरम्यान त्या गोळीने आतड्यातील उपयुक्त जीवाणू मारलेले असतात, जे तेथील जागा आणि अन्न व्यापून ठेवून घातक जंतूंना रुजू देत नाहीत. तेही आपल्या संरक्षणाचाच भाग आहेत. जे जीवाणू वाचतात ते त्या औषधाला न जुमानणारे असतात, आणि पुढे न्यूमोनिया किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला तर तेच औषध हात टेकते. पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानातच याविषयी सावध केले होते. प्रतिजैविक डॉक्टरांनी तपासून लिहून दिले तरच घ्यावे आणि ते सांगतील तितके दिवस घ्यावे.

आईंच्या बाबतीत रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे हे सर्वांत मोठे संरक्षण आहे. साखर सतत वाढलेली असली की न्यूट्रोफिल पेशी जंतूंपर्यंत पोहोचण्यात आणि त्यांना मारण्यात कमी पडतात. मधुमेह असलेल्यांना क्षयाचा धोका दोन ते तीन पट असतो. आपल्या इंदुरी सकाळचे पोहे-जिलबी मलाही प्रिय आहेत, पण आईंच्या ताटलीतील जिलबी सणापुरती ठेवावी आणि पोह्यांबरोबर मोडाची मटकी किंवा उकडलेले अंडे द्यावे. रोज रात्री त्यांच्या पायांचे तळवे आणि बोटांमधील बेचके कोणीतरी उजेडात नीट पाहावेत, कारण संवेदना कमी झालेल्या पायाला लागलेले त्यांना कळणार नाही.

लसींमध्ये दरवर्षी फ्लूची लस घ्यावी. फ्लूचा विषाणू आपले रूप सतत बदलतो, म्हणून मागील वर्षाची ओळख पुढच्या वर्षी पुरी पडत नाही. न्यूमोकॉकसची (न्यूमोनियाच्या एका जीवाणूविरुद्धची) लस आणि दर दहा वर्षांनी धनुर्वात-घटसर्पाची लस यांविषयीही डॉक्टरांशी बोलावे. वयाबरोबर थायमस ग्रंथी आकसते आणि नव्या जंतूला ओळखणाऱ्या ताज्या पेशी कमी तयार होतात. वृद्धांना लसीचा लाभ तरुणांपेक्षा थोडा कमी होतो, तो यामुळे, आणि घरातील इतरांनीही लस घेणे याच कारणाने महत्त्वाचे ठरते.

स्नेहल_सुदामानगर

कूलर आजच घासून उलटा ठेवला, आणि गल्लीच्या गटावर डॉक्टरांनी दिलेल्या धोक्याच्या खुणा लिहून पाठवल्या. एक शेवटची शंका आहे. शेजारच्या मुलाला परवा संध्याकाळी गल्लीतील कुत्रे चावले. घरच्यांनी जखमेवर लाल तिखट भरले आणि 'कुत्रे दहा दिवस जिवंत राहते का ते पाहू' म्हणून थांबले आहेत. ओळख करून द्यायला आता उशीर झाला का?

बालरोगतज्ज्ञ_राजेंद्रनगर

उशीर झालेला नाही, पण आता एक तासही थांबू नये. रेबीजचा विषाणू जखमेतून थेट रक्तात पसरत नाही. तो आधी स्नायूत राहतो आणि मग चेतातंतूंच्या आतून मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुधा काही आठवडे ते काही महिने लागतात आणि म्हणूनच चावल्यानंतर दिलेली लसही काम करते: विषाणू चेतातंतूत शिरण्याआधी शरीराला प्रतिपिंडे तयार करता येतात. एकदा लक्षणे दिसू लागली की मात्र हा आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. चेहरा, मान किंवा बोटे यांवर चावा असेल तर वेळ आणखी कमी असतो.

तिखट, चुना, हळद, तेल काहीही लावू नये. त्याने जखम चिघळते. जखम आताही वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. साबणाने विषाणूभोवतीचे मेदाचे आवरण फुटते. त्यानंतर लगेच शासकीय रुग्णालयात न्यावे, तेथे लस विनामूल्य मिळते. त्वचेत देण्याच्या पद्धतीत ती ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात. स्नायूत देण्याच्या पद्धतीत १४ व्या दिवशी आणखी एक डोस असतो. कातडी फाटून रक्त आले असेल तर जखमेभोवती तयार प्रतिपिंडांचे (रेबीज इम्युनोग्लोब्युलिनचे) इंजेक्शनही द्यावे लागते, कारण लसीने स्वतःची प्रतिपिंडे तयार होईपर्यंतच्या दिवसांत तेच संरक्षण करते. हे इंजेक्शन पहिल्या लसीबरोबरच मागून घ्यावे. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष अवश्य ठेवावे, पण लस सुरू करून. कुत्रे ठणठणीत राहिले तर पुढील डोस घ्यायचे की नाही, ते डॉक्टर ठरवतील.

स्नेहल_सुदामानगर

त्यांच्या घरी जाऊन तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. मुलाचे वडील त्याला घेऊन आताच रुग्णालयात निघाले आहेत. इंजेक्शनचे नाव मी कागदावर लिहून दिले आहे.